मदत हवी आहे: बागेतल्या रोजच्या कामाला घडीचा चाकू, हजाराच्या आत

मृगबहार:
नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, बाकी वावरात कपाशी आणि तूर. रोज खिशात राहील असा घडीचा चाकू पाहिजे. बजेट हजार रुपये, अगदीच चांगला असेल तर शे-दोनशे वर.

काम काय ते आधी सांगतो, नाहीतर सल्ले डोंगर चढणाऱ्यांचे येतात. बागेत पाय ठेवला की पहिलं काम ठिबकचं. खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात. १६ मिलीमीटरची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी नळी; तिचा खराब तुकडा कापून काढायचा आणि जोडायला जॉइनर घालायचा. काप सरळ आला तर ठीक, तिरपा गेला किंवा कडेला तुसं राहिली की जॉइनर गळलाच म्हणून समजा. मग खताची पोती, सुतळी, फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या. डिंक्या, म्हणजे डिंक गळण्याचा रोग, लागलेल्या झाडाची सडकी साल चांगली साल दिसेपर्यंत खरडायची असते. कधीमधी जंबेरीच्या, म्हणजे खुंटाच्या लिंबाच्या, रोपावर डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं. आणि दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डबा उघडला की कांदा त्याच चाकूने चिरला जाणार, हे लपवण्यात अर्थ नाही.

तोडायचं काम त्याच्याकडे नाही. सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढायला कात्री आणि करवत आहे, बाभळीला कोयता.

सध्याचा चाकू ऑनलाइन मागवलेला आहे. काळा रंग, पात्याच्या मागे दात, काच फोडायचं टोक, पट्टा कापायचा हुक, सगळा थाट. नायलॉनची ओली दोरी ओढून कापत होतो, लॉक सटकलं आणि पातं सरळ बोटांवर मिटलं. जाड हातमोजा होता म्हणून वरच्यावर निभावलं. विकणाऱ्याला कळवलं तर म्हणे परत करायची मुदत संपली. पात्यावर नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलंय, कोणतं पोलाद ते कुठेच नाही.

तर, साधं कार्बन पोलाद घ्यावं की स्टेनलेस? इथे पावसाळा आहे, संत्र्याचा रस आहे, आणि छाटणीची अवजारं एका झाडाहून दुसऱ्याकडे जाताना आम्ही जंतुनाशक म्हणून सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतो, त्यात चाकूही जातो. लॉक कुठल्या प्रकारचं विश्वासाचं? की गावच्या लोहाराकडूनच करून घ्यावा? आणि शेवटचं, असा चाकू खिशात ठेवून बाजाराला गेलं तर पोलिसांचा त्रास होतो का?

पऱ्हाटी:
भाऊ, हजार रुपये कायले घालता? माह्या खिशात कृषी केंद्रातला कलमचाकू हाय, लाकडी मुठीचा, घडीचा. फाल्कनचा घ्या नाहीतर दुसऱ्या कोणाचा. नळी कापतो, सुतळी कापतो, डोळा भरतो. धुऱ्यावर इसरून आलो त झोप उडत नाही. महागाचा चाकू वावरात हरवला का माणूस दोन दिवस घरच्यायवर चिडते, हे बी हिशोबात धरा.

निसणा:
पऱ्हाटीभाऊंचं हरवण्याचं गणित बिनतोड आहे, पण चाकूच्या बाबतीत थोडं थांबा. डोळा भरायच्या चाकूला बहुतेक वेळा एकाच बाजूने धार असते, दुसरी बाजू सपाट. काडीवर सपाट, स्वच्छ काप यावा म्हणून तशी केलेली. तोच चाकू लॅटरलवर चालवला की तो एका अंगाला ओढत जातो आणि काप तिरपा येतो. मृगबहार यांची तक्रार नेमकी तीच आहे. शिवाय डोळा भरायच्या पात्यावर दोरीने खाच पडली की काडीची साल फाटते आणि डोळा लागायची खात्री जाते. तो चाकू वेगळा, कापडात गुंडाळून घरी ठेवावा.

आता पोलाद. कार्बन पोलादाला धार पटकन येते, साध्या दगडावर. पण संत्र्याचं आम्ल लागलं की ते काळं पडतं, आणि ओलं ठेवलं तर सकाळपर्यंत तांबेरतं. काळं पडणं हा दोष नाही, तांबेरणं आहे. तुमचा खरा शत्रू पाऊस नाही, हायपोक्लोराइट आहे. ते कार्बनला खातंच, पण स्टेनलेसवरही तसंच वाळू दिलं तर बारीक खड्डे पडतात. म्हणून स्टेनलेस घ्या, आणि बुडवल्यावर काम संपताच साध्या पाण्याने धुऊन पुसा. घडीच्या चाकूत हे पाणी सांध्यात शिरून बसतं, म्हणून माझ्या मते तो त्या बादलीत जाऊच नये. तिथे कात्री जाऊ दे.

नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असेल तर पातं बहुधा मऊ असतं. दोन दोऱ्या कापल्या की बोथट, परत घासा, परत बोथट. तुमच्या बजेटात ८सीआर१३एमओव्ही किंवा ४४०सी लिहिलेलं मिळालं तर पुरे. कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ५८ च्या आसपास असला की धारही टिकते आणि आपल्याकडच्या दगडावर लावताही येते. डी२ नावाचं पोलाद हल्ली स्वस्तात दिसतं. धार खूप टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, आणि एकदा बोथट झालं की साध्या दगडावर घाम काढतं.

लॉकबद्दल. तुमचं जे सटकलं ते बहुधा लायनर लॉक असणार, म्हणजे मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते ते. पट्टी पातळ असली, किंवा नुसती कडेला टेकत असली, की हात पिळला जाताच ती निसटते. दोरी ओढून कापताना हात पिळला जातोच. त्यात आपली काळी माती. ओली असताना आत शिरते, वाळली की खडा होऊन बसते आणि पट्टी पूर्ण सरकतच नाही. तुमच्या कामाला मला बॅक लॉक बरं वाटतं, मुठीच्या पाठीवर दाबायचं असतं ते. बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेत येत नाही.

दुकानात हातात घेऊन बघा. उघडून पातं डावीकडे-उजवीकडे हलवा, खडखडायला नको. मग पात्याची पाठ लाकडावर टेकवून हळूहळू जोर द्या, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. मिटलं तर तिथेच परत द्या. दात असलेलं पातं घेऊ नका, दोरी कापतं पण नळीच्या कडेला तुसं सोडतं. लांबी ८ सेंटीमीटरच्या आसपास आणि धार पातळ. जाड पातं दणकट दिसतं, पण नळीत घुसताना तिला चेपतं.

मृगबहार:
तुसांचं कारण आत्ता कळलं, माझ्या पात्याला बुडाकडे दात आहेतच. ओपिनेलच्या चाकूबद्दल बरंच वाचलं होतं, तो कसा?

निसणा:
फ्रान्सचा आहे, १८९० पासूनचा. पात्याच्या बुडाशी फिरवायची कडी असते, ती १९५५ मध्ये आली. साधी गोष्ट, पण कडी फिरवली की पातं मिटत नाही. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, कार्बनमध्येही मिळतं आणि स्टेनलेसमध्येही. कापायला सुरेख, कारण पातं पातळ आहे. दोन अडचणी. आयात माल असल्याने तुमच्या बजेटात बसणं कठीण. आणि मूठ लाकडाची, सांध्यापर्यंत लाकूडच. भर पावसात ती फुगली की चाकू उघडायला दोन माणसं लागतात. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद चांगलं, पण त्यांच्या खिशातल्या बऱ्याच चाकूंना लॉक नसतं, आणि तुमचं दुखणंच लॉकचं आहे.

काळी_माती:
घडीचाच कशाला? म्यानातला सरळ चाकू घ्या, लॉकची भानगडच नको. आमच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा करून दिलाय, पाणी असं चढवलंय की वर्षानुवर्षं नुसता पाजवतोय.

मृगबहार:
मोटरसायकलवर बसलं की म्यान मांडीला टोचतं. आणि कमरेला चाकू लावून चौकात चहा प्यायला गेलो तर अर्धा गाव विचारेल, कोणाशी वाजलं?

काळी_माती:
मग लोहाराकडे घडीचा मागू नका. सरळ पातं तो डोळे मिटून करेल. पण घडीच्या चाकूत पातं, खिळा आणि मागची स्प्रिंग यांचा मेळ बारीक असतो, ते भात्यावरचं काम नाही. करून देईल, पण हलेल. तुमच्यासाठी त्याच्याकडून एकच वस्तू करून घ्या, डिंक्या खरडायला छोटं, बोथट टोकाचं, सरळ पातं. साल खरडताना घडीचा चाकू आडवा दाबला जातो आणि त्यातच सांधा ढिला होतो. शिवाय रोगट सालीचं पातं कांद्याला लावू नका राव.

पऱ्हाटी:
कांद्याचं सोडा, बोर्डोचं सांगा, मोरचूद न चुन्याच्या औषधाचं. आमी चाकू बुडवूनच पाहतो का चुना पुरला का नाही.

काळी_माती:
तेच लिहिणार होतो. मोरचुदाच्या द्रावणात चुना कमी पडला असेल तर लोखंडावर तांबूस थर चढतो, मग आणखी चुना. पण ही परीक्षा विळ्याने करा. स्टेनलेसवर थर धड चढत नाही, आणि ‘जमलं’ समजून मिश्रण मारलं की कोवळी पानं करपतात. खरडलेल्या सालीला लावायचं बोर्डो मलम १:१:१० चं, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. भांडं प्लास्टिकचं.

धानपट्टा:
कायद्याचं मी सांगतो. मी नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूचा, आमच्याकडे हा प्रश्न रोजचा.

शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू त्यात शस्त्र म्हणून येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले वगळलेले आहेत. तुमचा ८ सेंटीमीटरचा चाकू त्या मापाच्या जवळपासही नाही. बटण दाबलं की फटकन उघडणारा मात्र घेऊ नका. तो बघितला की समोरच्याच्या डोक्यात शेती येत नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. सणावाराला, निवडणुकीला, मोर्च्यांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई हुकूम निघतो, पेपरात येतो. त्या कलमात सार्वजनिक ठिकाणी न्यायला बंदी घालता येणाऱ्या वस्तूंत काठीसोबत चाकूही आहे, माप-बिप काही नाही. हुकूम चालू असताना तालुक्याला जाताना चाकू घरी ठेवलेला बरा. एरवी पिशवीत दोरी, जॉइनर, नळीचा तुकडा यांच्यासोबत असेल तर काय काम करता ते सांगावं लागत नाही.

आणि जंगल. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकू नावानिशी आहे. खिशातलाही. आमच्याकडे मोहफुलं, तेंदूपत्ता यांच्या दिवसांत लोकांना हे माहीत नसतं. तुम्ही मेळघाटात पाहुण्यांकडे किंवा सफारीला जाल, तेव्हा आधी खिसा तपासा.

मृगबहार:
हे जंगलाचं खरंच माहीत नव्हतं. चिखलदऱ्याकडे जाणं होतं, लक्षात ठेवतो.

तर असं ठरवतोय. बॅक लॉकचा, साध्या धारेचा, पोलादाचं नाव लिहिलेला एक चाकू अमरावतीला दुकानात हातात घेऊन, लाकडावर दाबून बघूनच घ्यायचा. डोळा भरायला कृषी केंद्रातला वेगळा. खरडायचं पातं लोहाराकडून. तिन्ही मिळून बजेट थोडं पुढे जाईल, जाऊ दे. एक राहिलं, तेल कोणतं? घरी जवसाचं तेल आहे, तेच सगळीकडे चालेल का?

निसणा:
लाकडी मुठीला जवस उत्तम, कापडाने पातळ हात मारून वाळू द्या. सांध्यात मात्र थेंबही नको, ते वाळून चिकट होतं आणि चाकू उघडेना होतो. तिथे शिलाई मशीनचं तेल. आधी जुन्या टूथब्रशने माती काढा, वाळवा, मग एक थेंब. त्याच चाकूने कांदा चिरणार असाल तर पात्याला खाण्यातलं तेल पुसा, आणि सांध्यातलं मशीनचं तेल पात्यावर ओघळलं तर कापडाने टिपून घ्या.