फी कशी भरली? कोल्हापूरकर, लिहा तुमचे अनुभव

काल धाकटीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. पुढच्या पोराच्या हातात पिशवी, तीत रेशनकार्ड, सातबारा आणि डेअरीचं पासबुक. 2018 ला हीच पिशवी माझ्या हातात होती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आबांनी मुऱ्हा म्हैस विकली. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत निम्मी फी सरकार भरतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर गोठा रिकामा. तुमचं काय?

तांबडापांढरा: भावा, म्हैस कितीला गेली?

करवीरकन्या: धाकटीला पैसे भरायला लावू नका हां दादा! 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे. फक्त प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. माझ्या मैत्रिणीनं घाईत मॅनेजमेंट कोट्यातनं घेतला, आता बसलीय रडत.

पंचगंगाकाठ: कुकर लावलाय, पटकन लिहिते. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, लेकाचा अर्ज मंजूर, पण पैसे येईनात. सहा महिने कॉलेज म्हणतंय बँकेत विचारा, बँक म्हणतेय कॉलेजात विचारा. शेवटी कळलं, आधार जोडलेलं होतं शाळेत असताना उघडलेल्या खात्याला. पैसे तिथं जाऊन निवांत पडलेले! आधी ते तपासा. शिट्टी झाली.

उसाचाफड: आमच्यात कारखान्याकडनं उसाचं बिल आलं की फी. फी जूनला, बिल कवा येईल ते देवाला ठाऊक.

निवृत्तगुरुजी: आमचे वडील दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहून शिकले. शाहू महाराजांनी 1901 साली मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक उभी राहिली. वडील सांगत, आमटी पातळ असायची, पण पोटभर.

तांबडापांढरा: गुरुजी, आमच्या मेसची आमटी अजून तशीच हाय 😂

रंकाळा_७: बँकेतल्या साहेबांनी 6 लाखांच्या शैक्षणिक कर्जाला शेताचा उतारा मागितला. बाबा द्यायला निघालेपण. मी म्हटलं थांबा. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा बाबा सहकर्जदार झाले की झालं. विद्यालक्ष्मी पोर्टलवरनं अर्ज टाकला, दुसऱ्या बँकेनं दिलं. पण हप्ता शिक्षण संपल्यावर असला तरी व्याज पहिल्या दिवसापासनं चढतं. ते कुणी आपणहून सांगत नाही. मी पगारातनं अजून फेडतोय.

करवीरकन्या: त्या व्याजावर प्राप्तिकराच्या 80ई कलमाखाली वजावट मिळते, जुनी करप्रणाली घेतली असेल तर.

रंकाळा_७: आयला, नवीन घेतलीय की ओ ताई.

सायकलवाली: मी विद्यापीठात कमवा आणि शिका मधून. सकाळी काम, मग लेक्चर. पहिल्या बाकावर बसून झोपायचे.

तांबडापांढरा: पण म्हैस कितीला गेली?

धागाकर्ता: 72 हजार. आबांनी पुन्हा घेतली गेल्या पाडव्याला, माझ्या पगारातनं. तीपण मुऱ्हाच.