मदत हवी आहे: जुलियाचा सिक्युरिटी गेटवे, शुक्रवारच्या वर्कशॉप नाइटआधी

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो, गाडी २०१९ ची अल्फा रोमिओ जुलिया. आमचा क्लब शुक्रवारी संध्याकाळी नव्या इटालियन गाड्यांसाठी वर्कशॉप नाइट ठेवतोय. जुन्या अल्फा स्पायडर गाडीवाल्यांची रात्र वेगळी असते, त्यांना बिघाड शोधायला स्कॅनर लागतच नाही! (बाबांची पद्मिनीसुद्धा एका स्क्रू ड्रायव्हरवर भागायची.)

आमचं सगळं स्कॅनरवर. २०१८ पासूनच्या जुलिया आणि स्टेल्व्हिओमध्ये (अल्फाचीच एसयूव्ही) सिक्युरिटी गेटवे आहे, म्हणजे बाहेरून गाडीच्या कॉम्प्युटरात शिरणं अडवणारा भाग, त्यामुळे साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचं यंत्र) बिघाडाचे कोड वाचतो, पण पुसू देत नाही. दोन मार्ग ऐकलेत: ऑटोऑथवर (गेटवे उघडायची परवानगी देणारी ऑनलाइन सेवा) नोंदणी करून त्यांना चालणारा स्कॅनर वापरायचा, नाहीतर गेटवेला वळसा घालणारी बायपास केबल लावायची.

कोणी स्वतः केलंय का? ऑटोऑथची नोंदणी गॅरेज नसलेल्या साध्या मालकाला मिळते का, किती दिवस लागतात? केबल लावायला डॅशबोर्डचं किती उघडावं लागतं, आणि क्लिपा शाबूत राहतात का? वॉरंटी संपलीय, तरी तारांना हात लावायला धीर होत नाही. बॅटरी डिकीत आहे, ती आधी काढायची का तेही सांगा.

गुरुवारपर्यंत कळलं तर बरं, कारण स्कॅनर मीच आणतो असं बोलून बसलोय.