प्रीमियर पद्मिनी : मागचा टायर मडगार्डला घासतो, पत्रा कापावा का?

प्रश्न (रत्नागिरी)
वडिलांची १९८७ सालची पद्मिनी मी पुन्हा रस्त्यावर आणली आहे. मूळच्या ५.२०-१४ टायरऐवजी १६५/८० आर १४ मापाचे रेडियल टायर बसवले असून रिम मूळचीच आहे. मागे तिघे बसले आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या, की आंबा घाटात उजव्या वळणावर डावा टायर मडगार्डच्या आतल्या दुमडीला घासतो. टायरच्या खांद्यावर बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा उमटला आहे. डेंटर ती दुमड ग्राइंडरने कापून टाकू म्हणतात. काय करावे?

उत्तर (कुडाळ)
कृपया कापू नका. त्या दुमडीतच बाहेरचा पत्रा आणि आतली कमान स्पॉट वेल्डिंगने जोडलेली असते. ती कापली, की जोड उघडा पडतो आणि आपल्या खाऱ्या हवेत, चार महिन्यांच्या पावसात चाकाने उडवलेला तांबडा चिखल त्या फटीत जाऊन बसतो; बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतल्या पत्र्याची चाळणी झालेली असते. जागा हवीच असेल तर दुमड वर वळवून घ्यावी. चाक काढून, हीट गनने रंग कोमट करत, तीन-चार फेऱ्यांत थोडी थोडी वळवावी, कारण थंड पत्र्यावर रंग तडकतो. त्यानंतर सीलर आणि प्रायमर त्याच दिवशी लावावे, दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

उत्तर (मालवण)
मूळ टायरची रुंदी ५.२० इंच, म्हणजे सुमारे १३२ मि.मी. तुमचा १६५ मि.मी.चा टायर ३३ मि.मी.ने जास्त रुंद, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसोळा मि.मी. जास्त आहे. १५५ मापात हीच वाढ साडेअकरा होते. शिवाय अरुंद रिमवर रुंद टायरची बाजू फुगते.

उत्तर (चिपळूण)
मला खटकते ते हे, की डावाच टायर का घासतो? उजवा टायर डाव्या वळणावर तितकाच दबतो. गाडी सपाट फरशीवर उभी करून दोन्ही मडगार्डांच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमपर्यंतचे अंतर मोजा. फरक निघाला तर पाट्यांचे (मागच्या लीफ स्प्रिंगांचे) बुश, म्हणजे टोकांतल्या रबरी नळ्या, आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट तपासा. पूर्वी ठोकर बसून ते मडगार्ड दुरुस्त झाले होते का, हेही आठवून पाहा. मग मुलांच्या खेळण्यातली माती दुमडीच्या आत थापून, माणसे बसवून गाडी हळू चालवा. टायर नेमका कुठे लागतो ते मातीवर उमटेल.

प्रश्नकर्ता
आज ओळंबा लावला. डावीकडचे अंतर उजवीकडच्यापेक्षा ९ मि.मी. कमी भरले, आणि डाव्या पाट्याच्या पुढच्या बुशातले रबर हाताने भुगा होऊन निघाले. आधी चारही बुश बदलतो, तोवर डेंटरना थांबायला सांगितले आहे.