पॅकिंग मशीनची ड्युटी: माझा हिशेब ३,८३,४००, सीएचएचा (कस्टम एजंटचा) ३,१७,८८५. बरोबर कोणता?

रबाळे_पॅकिंग
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतल्या युनिटसाठी चीनहून एक श्रिंक रॅपिंग मशीन येतंय, एलसीएलने (इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये) न्हावा शेवा बंदराला. इनव्हॉइस १२,००० डॉलर, एफओबी निंगबो (तिथे जहाजावर चढवेपर्यंतची किंमत). समुद्राचं भाडं ६०० डॉलर. विमा वेगळा काढलेला नाही. एचएस कोड (कस्टमचा मालाचा वर्ग) ८४२२ ४०, बेसिक ड्युटी ७.५ टक्के, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८. हिशेबापुरता डॉलर ९० रुपये धरलाय.

मी असं केलं: १२,००० गुणिले ९० म्हणजे १०,८०,०००. त्यावर ७.५ + १० (एसडब्ल्यूएस, म्हणजे समाजकल्याण सरचार्ज) + १८ = ३५.५ टक्के. ड्युटी ३,८३,४०० रुपये. सीएचए ३,१७,८८५ सांगतोय. ६५ हजारांचा फरक आहे. त्याने किंमत कमी दाखवली असेल आणि उद्या नोटीस माझ्या नावाने आली तर? कृपया कोणीतरी नीट उलगडून सांगा.

शेवा_डेस्क
सीएचएचा आकडा बरोबर आहे आणि त्याने किंमत कमी दाखवलेली नाही. उलट ती तुमच्यापेक्षा जास्त धरली आहे. चुका तुमच्या हिशेबात आहेत, तीन. काही आकडा वर नेतात, काही खाली, म्हणून नुसता फरक बघून त्या सापडणार नाहीत.

पहिली चूक: ड्युटी इनव्हॉइसवर बसत नाही, असेसेबल व्हॅल्यूवर बसते. म्हणजे एफओबी अधिक भाडं अधिक विमा. विम्याचा खरा आकडा नसेल तर २००७ च्या व्हॅल्युएशन नियमांतल्या नियम १० प्रमाणे एफओबीच्या १.१२५ टक्के धरतात. तुमच्या बाबतीत ते १३५ डॉलर होतात. १२,००० + ६०० + १३५ = १२,७३५ डॉलर, गुणिले ९० = ११,४६,१५० रुपये.

दुसरी आणि सगळ्यात मोठी चूक एसडब्ल्यूएसची. हा १० टक्के सरचार्ज मालाच्या किमतीवर नाही, बेसिक ड्युटीच्या रकमेवर आहे. तुम्ही १,०८,००० धरलेत, प्रत्यक्षात तो साडेआठ हजारांच्या आसपास येतो.

तिसरी: आयजीएसटी नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत + बेसिक + एसडब्ल्यूएस एवढ्या बेरजेवर लागतो. म्हणून टक्के एका ओळीत बेरीज करून चालतच नाही.

आता मांडणी:
असेसेबल व्हॅल्यू ११,४६,१५०
बेसिक ७.५ टक्के: ८५,९६१.२५
एसडब्ल्यूएस, बेसिकच्या १० टक्के: ८,५९६.१३
तिघांची बेरीज: १२,४०,७०७.३८
त्यावर आयजीएसटी १८ टक्के: २,२३,३२७.३३
एकूण ड्युटी: ३,१७,८८४.७१

पटकन ताळा करायचा तर बेसिक ७.५ आणि आयजीएसटी १८ असताना एकूण दर २७.७३५ टक्के पडतो. कोटेशन हातात आलं की सीआयएफला (किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेला) त्याने गुणा, आकडा लगेच समोर येतो. अँटी डम्पिंग ड्युटी (फार स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालावरची जादा ड्युटी) असलेल्या मालाला मात्र हा दर लावू नका. ती रक्कम वेगळी बसते, तिच्यावर एसडब्ल्यूएस नाही, पण आयजीएसटीच्या बेरजेत ती येते. माल कोणत्या देशाचा आणि कोणत्या उत्पादकाचा यावर ती ठरते, त्यामुळे ऑर्डर देण्याआधीच कोडनिहाय तपासायची गोष्ट आहे.

घोडबंदर_इम्पोर्ट
वरचा हिशेब अगदी बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

बऱ्याच ऑफिसांत जुनी एक्सेल शीट फिरत असते. तिच्यात १ टक्का लँडिंग चार्ज (माल उतरवण्याचा खर्च म्हणून धरलेला) आणि ३ टक्के शिक्षण सेस अजून बसलेले असतात. लँडिंग चार्ज सप्टेंबर २०१७ मध्ये गेला. सेसच्या जागी २०१८ च्या बजेटपासून एसडब्ल्यूएस आला. शीटमध्ये हे दोन रकाने दिसले तर शीट दुरुस्त करत बसू नका, नवी बनवा.

दुसरं, ९० हा दर कुठून आणलात? बँकेने पैसे पाठवताना लावलेला दर किंवा गुगलवरचा दर इथे कामाचा नाही. सीबीआयसीने (केंद्राच्या कस्टम मंडळाने) जाहीर केलेला दर लागतो, तोही आयातीच्या रकान्यातला, आणि बिल ऑफ एंट्री (कस्टमकडे भरायचं आयातीचं विवरण) ज्या दिवशी भरली त्या दिवशीचा. ड्युटीच्या दराचा नियम वेगळा आहे. कस्टम्स कायद्याच्या कलम १५ प्रमाणे बिल ऑफ एंट्रीची तारीख किंवा जहाजाच्या एंट्री इनवर्डची (माल उतरवायच्या परवानगीची) तारीख, जी नंतरची असेल ती. त्यामुळे आगाऊ बिल ऑफ एंट्री भरली तर विनिमय दर भरलेल्या दिवशीचाच राहतो. पण मधल्या काळात बजेट आलं आणि ड्युटी बदलली, तर बदललेला दर लागू शकतो. जानेवारीच्या शेवटी येणाऱ्या मालाला हे हमखास विसरलं जातं.

ठाणे_अकाउंट्स
३,१७,८८५ हा सगळा खर्च समजू नका. कॉस्टिंगमध्ये बेसिक आणि एसडब्ल्यूएस मिळून ९४,५५७ रुपये धरा, ते परत येत नाहीत. आयजीएसटीचे २,२३,३२७ क्रेडिटला (पुढच्या जीएसटीतून वजा करायला) मिळतात. अट एवढीच की बिल ऑफ एंट्रीवर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) बरोबर असायला हवा. एकाच पॅनवर दोन राज्यांत नोंदणी असेल तर इथेच घोळ होतो: चुकीच्या राज्याचा नंबर जातो आणि क्रेडिट भलत्याच २बी मध्ये (जीएसटीच्या क्रेडिट विवरणात) दिसतं. बिल ऑफ एंट्रीची चेकलिस्ट मंजूर करताना सगळ्यात आधी तोच १५ अक्षर-आकड्यांचा नंबर बोट ठेवून वाचा, बाकीचं नंतर.

मशीन कॅपिटल गुड्स आहे. आयजीएसटीचं क्रेडिट घेतलंत तर तेवढ्या रकमेवर घसारा घेता येत नाही. मालमत्तेच्या खात्यात बेसिक आणि एसडब्ल्यूएस चढवा, आयजीएसटी नको.

सीएचएच्या आकड्यात ड्युटीच आहे ना, हेही विचारा. टीएचसी (बंदरातली हाताळणी), डीओ (डिलिव्हरी ऑर्डर) चार्ज, सीएफएसचं (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचं) भाडं, गाडी आणि डिलिव्हरी ऑर्डरवरची महाराष्ट्राची स्टॅम्प ड्युटी, हजाराला एक रुपया, हे सगळं त्याच्या पलीकडचं आहे. न्हावा शेव्यात उतरल्यानंतरचे हे खर्च असेसेबल व्हॅल्यूत धरायचे नाहीत. पण खिशातून तेही जातातच.

रबाळे_पॅकिंग
मनापासून आभार, आता डोक्यात नीट बसलं. एक अडचण आहे. ६०० डॉलर फॉरवर्डरने (जहाजाने माल पाठवणाऱ्या एजंटने) फोनवर सांगितलेत. बीएलच्या (जहाजाच्या माल-पावतीच्या) मसुद्यावर भाड्याच्या जागी नुसतं 'फ्रेट ॲज अग्रीड' छापलंय. शिवाय सप्लायर मशीनबरोबर एक सीलिंग ब्लेड आणि दोन हीटर फुकट देतोय. इनव्हॉइसवर ते नाहीत.

शेवा_डेस्क
हे वेळेवर विचारलंत. 'ॲज अग्रीड' म्हणजे कागदावर आकडा नाही. आकडा सिद्ध झाला नाही तर नियम १० प्रमाणे एफओबीच्या २० टक्के भाडं धरतात, म्हणजे ६०० ऐवजी २,४०० डॉलर. किंमत १,६२,००० रुपयांनी वाढते आणि ड्युटी ४४,९३१ रुपयांनी. त्यातले १३,३६५ कायमचे गेले, उरलेले ३१,५६६ क्रेडिटची वाट बघत अडकले. म्हणून फॉरवर्डरच्या लेटरहेडवर, हाउस बीएलचा (त्याने स्वतः दिलेल्या बीएलचा) नंबर टाकून, फ्रेट सर्टिफिकेट आजच मागवा. (हेच विमानाने आणलं असतं तर प्रत्यक्ष भाडं कितीही असो, ते एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. समुद्राच्या प्रत्यक्ष भाड्याला असं छत नाही.)

विम्याचंही तसंच. पॉलिसी काढलीत तर खरा हप्ता लागतो आणि तो बहुधा १३५ डॉलरपेक्षा बराच कमी असतो. शिवाय माल सुरक्षित.

आणखी एक जपा. चीनच्या एलसीएलमध्ये फॉरवर्डर भाडं शून्यावर आणून देतात आणि वसुली इथे सीएफएसवर दर सीबीएममागे (घनमीटरमागे) करतात. डेस्टिनेशन चार्ज आत्ताच लेखी घ्या, कंटेनर निघाल्यावर कोणी ऐकत नाही.

फुकटचं ब्लेड आणि हीटर इनव्हॉइसवर यायलाच हवेत, खऱ्या किमतीसह. तुम्ही पैसे दिले नाहीत म्हणून कस्टमसाठी किंमत शून्य होत नाही. तपासणीत पेटी उघडली आणि यादीत नसलेली वस्तू निघाली, तर शे-दोनशे डॉलरच्या हीटरपायी अख्खं मशीन अडकतं. सप्लायरकडून इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट दोन्ही बदलून घ्या. हीटर आणि ब्लेडचा कोडही मशीनचा धरू नका, सीएचएकडून वेगळा पाहून घ्या.

मशीनचा कॅटलॉग ई-संचितवर (कस्टमच्या कागदपत्रांच्या पोर्टलवर) आधीच चढवा. असेसमेंट फेसलेस आहे, फाइल बघणारा अधिकारी दुसऱ्या शहरात बसलेला असू शकतो. मशीन गुंडाळतं की भरतं हे त्याला फक्त कागदावरून कळतं. ८४२२ ३० की ४० हा प्रश्न तिथेच येतो.

घोडबंदर_इम्पोर्ट
आणि हे सगळे कागद जहाज लागण्याच्या आदल्या दिवसाच्या आत हवेत. बिल ऑफ एंट्रीची मुदत तीच आहे, सुट्टी धरून. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. आकडा चुकीचा भरून नंतर सुधारायचा म्हटलं तर कलम १४९ खाली अर्ज करावा लागतो, आणि तोवर सीएफएसचं मीटर चालूच असतं. तुमचं जहाज निंगबोहून सुटलं का? नसेल सुटलं तर बीएलच्या मसुद्यावरच भाड्याचा आकडा छापून मागा, सर्टिफिकेटचीही गरज उरणार नाही.