तुल्यबळ गडी आणि न संपणारे डाव: तुमचे अनुभव लिहा

शनिवारपेठी:
काल २०२५च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकातली कोनेरू हंपी-दिव्या देशमुख फायनल पुन्हा बघितली. क्लासिकलचे (जास्त वेळाचे) दोन्ही डाव बरोबरीत, निकाल रॅपिडमध्ये (कमी वेळाच्या डावांत). आमच्या क्लबातले बँकवाले काका आठवले. त्यांचं-माझं बळ इतकं सारखं की आम्ही पटावर बसलो की बाकीचे घरी निघायचे. एकदा त्यांच्याकडे उंट आणि एच पट्टीतलं (पटाच्या कडेच्या उभ्या ओळीतलं) प्यादं, माझा नुसता राजा. पण उंट पांढऱ्या घरांचा आणि प्याद्याचा वजीर होतो ते कोपऱ्यातलं घर, एच८, काळं! राजा कोपऱ्यात नेऊन बसवला. काकांना सगळं ठाऊक, तरी पन्नास खेळ्यांचा नियम (प्यादं न हलवता, काही न मारता पन्नास खेळ्या झाल्या की बरोबरी) लागेपर्यंत खेळवलं. वर म्हणाले, "तुला झोप लागते का बघत होतो." तुमचे असे गडी येऊ द्यात.

कोथरूडकर:
बाबा आणि सासरे, दर दिवाळीत. बाबा देशी पद्धतीचे: प्यादं पहिल्यांदाही एकच घर, राजाला एकदा घोड्याची अडीच घरं. सासरे म्हणणार हे बुद्धिबळच नव्हे. नियम ठरेपर्यंत फराळ संपतो 😂

नुसता_वाचक:
उंट पांढरा तर काय झालं? राजाला हाकलायचं ना कोपऱ्यातून

शनिवारपेठी:
ते काळं घर त्या उंटाच्या माऱ्यात येतच नाही हो. जास्त रेटलं तर राजाला हलायला जागा नाही आणि शहही नाही, म्हणजे पुन्हा बरोबरी.

मीरा७:
चावीची घड्याळं होती तेव्हाचं. समोरचीची झेंडी पडली, म्हणजे तिची वेळ संपली, मी टाळी वाजवली. पंच म्हणाले, बसा, तुमचा नुसता राजा उरलाय, त्यानं मात होत नाही. अर्धा अर्धा गुण! पुढे कॉलेजभर तिच्याच डब्यातलं खाल्लं. कुकर झाला, बाकी नंतर

उगाच:
रविवारी कुकर? मिसळ नाही?

मीरा७:
पाऊस बघा बाहेर. वरणभात.

सदाशिवराव:
एप्रिल २०२५मध्ये पुण्यातच महिलांची ग्रां प्री स्पर्धा झाली. हंपी आणि चीनची झू जिनर दोघींचे ७-७ गुण, टायब्रेकवर (गुण सारखे असताना क्रम ठरवायच्या निकषांवर) हंपी पहिली. याला म्हणतात तुल्यबळ. आपण सारखेच वाईट खेळतो, एवढंच.

शनिवारपेठी:
काकांना हेच म्हणालो होतो. बरेच दिवस अबोला होता.

कोथरूडकर:
गुंडाळायचा पट कुठे मिळेल? जुन्यावर सासऱ्यांनी चहा सांडला. हरत होते म्हणे.

उगाच:
अप्पा बळवंत चौकात बघा. गाडी लावायला जागा मिळाली तर त्या अनुभवाचा वेगळा धागा काढा.