टीएमटी पॉझिटिव्ह आली आहे, पुढे काय करावे?

मुलुंडकर५३

नमस्कार. माझे वय ५३ असून मी वांद्र्याला एका कार्यालयात लेखा विभागात काम करतो. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. कार्यालयाच्या वार्षिक आरोग्यतपासणीत पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी या वर्षी टीएमटीही (ट्रेडमिलवर चालवून हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढण्याची चाचणी) ठेवली होती. मंगळवारी ती झाली आणि गुरुवारी संध्याकाळी, घरी परतताना गाडीत घाटकोपरच्या आसपास, अहवाल ईमेलने आला. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह फॉर एक्सरसाइज इंड्यूस्ड इस्किमिया’, म्हणजे श्रमाने हृदयाला रक्तपुरवठा कमी पडतो, असे होते. मुलुंड येईपर्यंत मी ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होतो.

अहवालातील आकडे देतो. ब्रूस पद्धतीने (यात वेग आणि चढ टप्प्याटप्प्याने वाढवतात) ६ मिनिटे १० सेकंद चाललो, नाडी १४४पर्यंत गेली, रक्तदाब १७६/९० झाला. दुसरी, तिसरी, एव्हीएफ, व्ही५ आणि व्ही६ या लीडमध्ये (आलेखाच्या ओळींत) दीड मिलिमीटर एसटी डिप्रेशन (आलेखाची रेषा खाली जाणे) असून ते थांबल्यानंतर चौथ्या मिनिटापर्यंत टिकले, असे लिहिले आहे. ‘छातीत दुखले का’ या रकान्यात ‘नाही’ आहे. शनिवारी एका खाजगी रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी अहवाल चाळून पाचेक मिनिटांत सांगितले की येत्या सोमवारी अँजिओग्राफी (नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहणे) करू आणि गरज दिसली तर त्याच वेळी स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकू. माझ्या मागे बाकावर बरीच माणसे होती, त्यामुळे विचारायचे पुष्कळ राहून गेले.

तसा मला काही त्रास नाही. दादरला सेंट्रलवरून वेस्टर्नला जाताना पुलाच्या वरच्या पायऱ्यांवर हल्ली मोबाइल पाहण्याच्या निमित्ताने दोन मिनिटे थांबतो खरा, छातीवर जरा दडपल्यासारखे होते. पण ते गर्दीमुळे, वाढलेल्या वजनामुळे आणि पित्तामुळे असावे. गेल्या गणपतीपासून ते तेवढेच आहे आणि थांबले की जाते.

घरी अजून काहीही सांगितलेले नाही. मुलीची बारावीची परीक्षा सुरू आहे, म्हणून अहवालाची प्रत कार्यालयाच्या खणात ठेवली आहे. माझे वडील ५८व्या वर्षी पहाटे झोपेतच गेले. त्यामुळे दिवस कसाबसा निघतो, पण रात्री दिवा मालवला की बोटे आपोआप मनगटावर जातात आणि मी ठोके मोजत पडून राहतो. एखादा चुकल्यासारखा वाटला की पुन्हा पहिल्यापासून. टीएमटीवर कितपत विश्वास ठेवावा, थेट अँजिओग्राफी करावी का, आणि सोमवारपर्यंतचे दिवस काढायचे कसे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

पार्लेकर_बाई

मुलुंडकर, आधी एक दीर्घ श्वास घ्या. चार वर्षांपूर्वी, ४६व्या वर्षी, माझीही टीएमटी अशीच पॉझिटिव्ह आली होती आणि मीही शाळेच्या शिक्षकखोलीत बसून मनातल्या मनात मृत्युपत्र लिहून काढले होते. माझ्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. रक्त कमी असले तरी ईसीजीच्या पट्टीवर असे बदल दिसू शकतात आणि बायकांमध्ये ही चाचणी उगाच पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण जास्त असते, असे त्यांनी समजावले. तरीही खात्री करण्यासाठी सीटी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनवर रक्तवाहिन्या पाहणे) केली.

ती कशी असते ते सांगते, कारण मला कोणी सांगितले नव्हते. नाडी साठच्या जवळ यावी म्हणून आधी गोळी देऊन तासभर बसवतात. मग जिभेखाली फवारा मारतात, हाताच्या शिरेतून औषध सोडतात आणि श्वास रोखायला लावतात. ते औषध आत शिरताच घशातून खाली पोटापर्यंत अशी काही ऊब पसरते की कपडे ओले झाले की काय, अशी शंका येते. तसे काही झालेले नसते. पुढचे सगळे दोन-चार मिनिटांत संपते. माझ्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. तुमचेही बहुधा तसेच निघेल.

रानवाटा

अर्जुनाच्या सालीचा काढा सकाळी अनशापोटी तीन महिने घ्या, सर्व ब्लॉकेज मोकळे होतात. आमच्या गावात दोघांची अँजिओग्राफी टळली आहे. कापाकापीच्या नादी लागू नका.

निवृत्त_पट्टीवाले

मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात ३१ वर्षे ईसीजी तंत्रज्ञ होतो, त्यातली शेवटची अनेक वर्षे टीएमटीच्या खोलीत गेली. मी डॉक्टर नाही. पण ईसीजीच्या पट्ट्या पुष्कळ पाहिल्या आणि ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालणारी माणसे त्याहून जवळून पाहिली, म्हणून लिहितो.

पार्लेकर बाईंचा अनुभव खरा आहे, परंतु तो मुलुंडकरांना लावता येणार नाही. टीएमटी ही काही फार नेमकी चाचणी नव्हे. ढोबळमानाने सांगायचे तर हृदयाच्या रक्तवाहिन्या ठीक असलेल्या शंभर जणांना पळवले तर वीस-पंचवीस जणांची पॉझिटिव्ह येते, आणि खरोखर अडथळा असलेल्या शंभरांपैकी तीसेक जण त्यातून निसटतात. म्हणून कागदावरच्या त्या एका शब्दापेक्षा माणूस कोण आहे, त्याला काय होते आणि किती श्रमावर होते, याला अधिक वजन द्यावे लागते. अहवालाखाली ‘क्लिनिकल कोरिलेशन’ छापतात त्याचा अर्थ एवढाच.

आता मुलुंडकर, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ‘तसा मला काही त्रास नाही’ या वाक्याच्या पाठीमागे लपवली आहे. पायऱ्या चढताना छातीवर दडपण येणे आणि दोन मिनिटे उभे राहिले की ते ओसरणे, याला पित्त म्हणत नाहीत. पित्ताला दादरचा पूल कळत नाही; ते खुर्चीत बसलेल्या माणसालाही होते. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे दडपण म्हणजे अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारा त्रास) असण्याचीच शक्यता अधिक असते आणि मधुमेही माणसाला तर ते पुष्कळदा इतके पुसट जाणवते की तो त्याला दुखणे म्हणतच नाही. पट्ट्यावर चालताना आम्ही ‘छातीत दुखतंय का’ असे विचारतो आणि माणूस ‘दुखत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याला दुखत नसते, दडपत असते. मी पुढे पुढे ‘जिन्यावर थांबावं लागतं का’ असेच विचारू लागलो होतो.

याने हिशेब कसा बदलतो ते पाहा. ड्यूक स्कोअर नावाचे एक साधे गणित आहे. चाललेल्या मिनिटांतून एसटीच्या मिलिमीटरांची पाचपट वजा करायची आणि दुखण्याच्या गुणांची चौपट वजा करायची. तुमची सहा मिनिटे, वजा साडेसात, म्हणजे साधारण उणे दीड. पट्ट्यावर ते दडपण जरासे जरी आले असेल तर आणखी चार जाऊन उणे साडेपाच. अधिक पाच किंवा वर असेल तर धोका कमी आणि उणे अकरा किंवा खाली असेल तर जास्त मानतात. दोन्ही प्रकारे तुम्ही मध्ये येता, म्हणजे आज रात्री धावत सुटण्याचे कारण नाही आणि विषय सोडून देण्याचे तर मुळीच नाही. सहाव्या मिनिटाला, म्हणजे चढ १४ टक्के होतो त्या तिसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी, बदल दिसणे आणि ते चार मिनिटे टिकणे हे मला हलके वाटत नाही.

तेव्हा सोमवारची वाट न पाहता उद्याच एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा, आणि दादरच्या पुलाची हकिकत याच शब्दांत सांगा. दुसरे मत हवे असेल तर केईएम, शीव, नायर या महापालिका रुग्णालयांत हृदयरोगाच्या ओपीडी आहेत. रांग मोठी असते, पण तिथले डॉक्टर दिवसाला इतके रुग्ण पाहतात की त्यांचे डोळे तयार झालेले असतात. भेट होईपर्यंत जिने आणि धावती गाडी पकडणे बंद. हे दडपण बसल्या जागी आले, आधीपेक्षा कमी श्रमात येऊ लागले, किंवा घाम फुटून पंधरा मिनिटांत गेले नाही, तर कोणालाही न विचारता १०८ला फोन करायचा. ठोके मोजणे मात्र सोडा. त्या मोजणीतून आजाराचे काहीच कळत नाही, उलट मोजण्यानेच नाडी वाढते.

रानवाटा, काढ्याने साचलेले ब्लॉकेज मोकळे झाल्याचे मी ३१ वर्षांत पाहिलेले नाही. काढ्याच्या भरवशावर तीन महिने थांबलेली माणसे मात्र आमच्याकडे स्ट्रेचरवरून येत.

ठाण्याच्या_वहिनी

पट्टीवाले काकांनी वैद्यकीय बाजू सांगितली, मी दुसरी सांगते. माझ्या यजमानांनी अशीच एक फाइल अकरा दिवस गाडीच्या डिकीत ठेवली होती. मला कळले ते रुग्णालयातून त्यांच्या सहकाऱ्याने फोन केल्यावर. ते आज धडधाकट आहेत. पण त्या अकरा दिवसांत मी त्यांना गहू दळून आणायला लावले होते, दहा किलोंचा डबा घेऊन तीन मजले चढायला लावले होते, हे माझ्या मनातून अजून गेलेले नाही. तुम्ही घरच्यांना चिंतेपासून वाचवत नाही आहात, मुलुंडकर. तुम्ही त्यांच्याकडून नकळत चुका करून घेत आहात. मुलीला पेपर संपल्यावर सांगा. पत्नीला आज सांगा.

दुसरे, सहीबद्दल. अँजिओग्राफी म्हणजे फक्त पाहणे, अँजिओप्लास्टी म्हणजे फुगा आणि स्टेंट. पुष्कळ ठिकाणी दोन्हींच्या संमतीची सही एकाच कागदावर घेतात. अडचण अशी की टेबलावर आडवे असताना आणि काचेपलीकडून ‘नव्वद टक्के आहे, टाकूया का’ असे विचारले जात असताना बाहेर बसलेली बायको ‘नाही’ म्हणू शकत नाही. मलाही म्हणता आले नाही. झटका आलेला असेल तर तिथे विचार करत बसायचे नसतेच, एकेक मिनिट मोलाचे असते. पण तुमच्यासारखी स्थिर परिस्थिती असेल तर आधीच सांगता येते की आज फक्त पाहा, सीडी द्या, आम्ही दोन दिवसांत ठरवतो. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्किमिया नावाच्या मोठ्या अभ्यासात पाच हजारांहून अधिक स्थिर रुग्ण होते. त्यांत सुरुवातीलाच स्टेंट वा बायपास केलेल्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू किंवा झटक्याच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. अंजायनाचा त्रास मात्र पहिल्या गटात अधिक कमी झाला. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, म्हणून आधी पाहणे आवश्यक ठरते. हे सगळे मला नंतर कळले, म्हणून तुम्हाला आधी सांगते.

पैशांचेही आधीच विचारा. औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७मध्ये २९,६०० रुपयांवर आणली; पुढे ती वेळोवेळी बदलत गेली, पण मर्यादा आहे. बिल फुगते ते इतर बाबींनी. कार्यालयाचा मेडिक्लेम असेल तर कॅशलेसची मंजुरी आदल्या दिवशीच मागवा आणि मेटफॉर्मिनचे काय करायचे ते डॉक्टरांना आवर्जून विचारा, कारण अँजिओग्राफीत रक्तवाहिनीत सोडतात त्या औषधाआधी क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहतात.

मुलुंडकर५३

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले.

त्याच रात्री पत्नीला सांगितले. ती ओट्यापाशी उभी होती. मी बोलत असताना तिने गॅस बंद केला, माझ्या बॅगेचा बाहेरचा कप्पा उघडला आणि पित्ताच्या गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. ‘या मी महिनाभर मोजतेय,’ एवढेच म्हणाली. मग अहवाल मागितला. तो कार्यालयाच्या खणात आहे म्हटल्यावर मात्र रागावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. पट्टीवाले काका, मी तुमचे शब्द कागदावर उतरवून नेले होते. पुलाची हकिकत ऐकल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि कितव्या पायरीवर थांबावे लागते, येथपासून विचारले. त्यांच्या मते माझी लक्षणे इतकी ठळक आहेत की सीटीमध्ये वेळ न घालवता अँजिओग्राफीच करावी, मात्र ती आधी पाहण्यापुरती. ॲस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि नाडी संथ ठेवणारी एक गोळी सुरू केली आहे. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात आहे आणि ती बसूनच घ्यायची, असे बजावले आहे. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८ होते, ते सत्तरच्या खाली हवे म्हणाले. वहिनी, संमतीच्या कागदावर ‘फक्त अँजिओग्राफी’ असे लिहून घेण्यास त्यांनी स्वतःहून होकार दिला.

गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे. मुलीचा भौतिकशास्त्राचा पेपर बुधवारी आहे, त्या संध्याकाळी तिला सांगू. झोप अजून धड लागत नाही. पण मनगटावर बोटे गेली की पत्नी ती काढते.

काका, एक विचारायचे राहिले. मनगटातून करणार आहेत असे सांगितले आहे. मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडतो का?

निवृत्त_पट्टीवाले

सहसा उजव्या मनगटातूनच करतात, त्यामुळे तुमचा लिहिता-जेवता हात मोकळा राहील. तरीही आत नेण्यापूर्वी डावखुरे असल्याचे सांगून ठेवा, क्वचित ऐन वेळी बाजू बदलावी लागते. नंतर काही तास मनगटावर घट्ट पट्टा असेल. बोटे बधिर किंवा निळसर वाटली तर सिस्टरना लगेच हाक मारायची, संकोच करायचा नाही. डावखुरी माणसे पुष्कळदा घड्याळ उजव्या हातात बांधतात. तसे असेल तर ते आणि अंगठी बुधवारी रात्रीच पत्नीकडे देऊन ठेवा. गुरुवारी संध्याकाळी येथे लिहा, मी पाहत असेन.