मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कॅथलिक कॉलेजची खेळाडू शिष्यवृत्ती, मुलगी पहिल्या पीयूसीला (अकरावीला)

नंदगडकर
नमस्कार मंडळी. पुतणी यंदा पहिल्या पीयूसीला आहे, कॉमर्स, हेबा कॉम्बिनेशन. लांब उडी ५.३५ मीटर, शिवाय १०० मीटर धावते. सगळं जिल्हा पातळीवरचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आम्ही कॅथलिक. अमेरिकेतली कॅथलिक कॉलेजं खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात असं कळलं. त्याचा फॉर्म कुठं मिळतो? बाप्तिस्म्याचा दाखला लागतो का? आणि आतापासून काय काय करायला हवं, सांगा की.

टिळकवाडी_ट्रॅक
एकच फॉर्म असा नाही ओ, आणि पहिला गोंधळ इथंच होतो. खेळाचा पैसा कोच देतो, त्यात धर्म बघत नाहीत. कॅथलिक म्हणून मिळणारा पैसा कॉलेजचं प्रवेश खातं किंवा एखादा ट्रस्ट देतो. दोन वेगळे अर्ज, दोन वेगळ्या तारखा.

कॉलेज कॅथलिक आहे यापेक्षा ते कुठल्या गटात खेळतं हे आधी बघा. नोत्र दाम, व्हिलानोव्हा, गोंझागा ही एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांची अमेरिकेतली मोठी संघटना) डिव्हिजन १ मध्ये. रॉकहर्स्ट, सेंट लिओ, बेलमाँट अ‍ॅबी डिव्हिजन २ मध्ये. वॉशिंग्टनची कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका आणि स्क्रँटन डिव्हिजन ३ मध्ये, आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. तिथं गुणांवरची किंवा गरजेवरची मदतच मिळते. कॅन्ससचं बेनेडिक्टाइन कॉलेज एनएआयएत येतं, ती संघटनाच वेगळी.

पूर्ण खर्च मिळेल हे डोक्यातून काढा. डिव्हिजन २ मध्ये महिला अ‍ॅथलेटिक्सच्या अख्ख्या संघाला मिळून १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकाच पैसा देता येतो. कोच तो तुकडे करून वाटतो. कुणाला निम्मी फी, कुणाला नुसती पुस्तकं.

आता खरी अडचण हेबाची. एनसीएए नववी ते बारावीचे १६ कोअर विषय (पात्रतेसाठी धरायचे मुख्य विषय) मोजते, एक विषय एक वर्ष शिकला की एक. त्यातले इंग्रजी, गणित आणि विज्ञान मिळून १० लागतात. डिव्हिजन १ ला त्यात इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान किमान २. डिव्हिजन २ ला वाटणी थोडी सैल, पण बेरीज १० च. पुतणीचा ढोबळ हिशेब करा: इंग्रजी चार वर्षं ४, गणित नववी-दहावीचं २, विज्ञान २. झाले ८. हेबात हिस्ट्री, इकॉनॉमिक्स, बिझनेस स्टडीज आणि अकाउंटन्सी. यातले पहिले दोन सामाजिक शास्त्रात मोजतात, शेवटचे दोन कोअरमध्ये धरतच नाहीत. म्हणजे दोन कमीच.

सेबा (हिस्ट्रीऐवजी स्टॅटिस्टिक्स) घेतलं असतं तर स्टॅटिस्टिक्सची दोन वर्षं गणितात धरून नेमके १० भरले असते. बेसिक मॅथ्सचंही तसंच विचारून बघा. वर्ष नुकतंच सुरू झालंय ना, कॉलेजनं मुलांची यादी बोर्डाच्या पोर्टलवर चढवायच्या आधी प्राचार्यांना कॉम्बिनेशन बदलायचा अर्ज द्या. हे काम या आठवड्यात करा, बाकी सगळं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल.

नंदगडकर
बाप रे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आणि कॉम्बिनेशन बदललंच नाही तर?

टिळकवाडी_ट्रॅक
तर एनएआयए. तिथं कोअर विषयांची अशी यादी नाही. नोंदणी प्लेएनएआयए या साइटवर, एनसीएएच्या नोंदणीशी तिचा संबंध नाही. एनसीएएची वाट मोकळी ठेवायची असेल तर आज फुकटचं प्रोफाइल पेज उघडा. पैसे भरून सर्टिफिकेशन खातं कोचनं रस दाखवल्यावर घ्या.

कॅम्पातला
कागदांचं सांगतो. एनसीएए नववीपासूनचे गुण मागते. दहावीचं मार्क्स कार्ड बोर्डाचं, त्याची चिंता नाही. नववीचं प्रगतिपत्रक मात्र शाळेच्या दप्तरातच असतं, आणि मराठी माध्यम असेल तर बहुधा मराठीतच. शाळेतून सहीशिक्क्याची प्रत घ्या आणि इंग्रजी भाषांतर ओळीला ओळ करून घ्या. मूळ प्रत आणि भाषांतर दोन्ही जोडायचं. सारांश केलेलं भाषांतर परत येतं. पहिल्या पीयूसीचे गुणही कॉलेजकडेच असतात, दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत घेऊन ठेवा.

बाप्तिस्म्याचा दाखला खेळाच्या शिष्यवृत्तीला लागत नाही. कॅथलिक म्हणून मिळणाऱ्या मदतीला बहुतेक ठिकाणी पॅरिशच्या फादरांचं पत्र मागतात, कुठं कुठं दृढीकरणाचा दाखलाही. पत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह, पॅरिशच्या ईमेलवरून गेलेलं बरं. "मुलगी चांगल्या कुटुंबातली आहे" एवढ्यावर भागत नाही. कॉयरमध्ये गाते का, लहान मुलांना कॅटेकिझम शिकवते का, किती वर्षं, हे फादरांना लेखी देऊन ठेवा म्हणजे ते नेमकं लिहितील.

आपल्याकडची खास भानगड नावाची. बाप्तिस्म्याच्या वहीत मारिया फिलोमिना, शाळेत फिलोमिना, आधारला फिलोमीना. आडनाव एकीकडे डिसोझा जोडून, दुसरीकडे मधे टिंब. दहावीच्या कार्डावर आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर. पासपोर्ट काढायच्या आधी आधार आणि दहावीचं कार्ड एकसारखं करा, मग बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ घ्या. पुढं आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) आणि व्हिसा पासपोर्टवरच्या नावानंच निघतात.

लांबउडी_खानापूर
५.३५ ला वाऱ्याची नोंद आहे का? सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त मागचा वारा असेल तर ती उडी रेकॉर्डसाठी धरत नाहीत. कोच हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारतो. १०० मीटर हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलं असेल तर ते ०.२४ सेकंद वाढवूनच वाचतात. १२.६ सांगितलं की कोच १२.८४ धरणार. बेंगळुरूच्या कंठीरव स्टेडियमवरच्या राज्य ज्युनियर स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टायमिंग मिळतं, निदान एक निकाल तिथला हवा. निकालाची पीडीएफ जोडा, पेपरातलं कात्रण नको.

व्हिडिओ बाजूनं, धावमार्ग सुरू झाल्यापासून वाळूत पडेपर्यंत, न कापता. गाणं लावू नका. मंद गतीची एक उडी वेगळी. ईमेलमध्ये जन्मवर्ष, बारावी कधी संपणार, उडी आणि वेळ, टक्के, घरून वर्षाला किती खर्च झेपेल, एवढंच. आणि ईमेल मुलीनं स्वतःच्या नावानं लिहायचा, काकांनी नव्हे. दहावीनंतरच्या १५ जूनपासून डिव्हिजन १ आणि २ चे कोच उत्तर देऊ शकतात, म्हणजे तिची वेळ आलेलीच आहे.

यात्रेतल्या किंवा दसऱ्याच्या शर्यतीत रोख बक्षीस घेतलं असेल तर लपवू नका. रक्कम, तारीख आणि त्या स्पर्धेला जायचा खर्च लिहून ठेवा. एनसीएए हौशीपणाचे प्रश्न विचारते, तिथं खोटं निघालं तर पात्रताच जाते.

नंदगडकर
एका एजंटनं सगळं करून देतो म्हणून दीड लाख मागितलेत. द्यावेत का?

लांबउडी_खानापूर
नको ओ. कोचचा पत्ता कॉलेजच्या साइटवर उघडा असतो. एजंट तोच ईमेल दोनशे ठिकाणी पाठवतो आणि कोचला ते लगेच कळतं.

कॅम्पातला
पैशाचं आणखी एक. अमेरिकन सरकारचा फाफ्सा अर्ज परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही, त्यावर वेळ घालवू नका. शिष्यवृत्ती वजा जाता उरलेला पहिल्या वर्षाचा खर्च बँकेत दाखवल्याशिवाय आय-२० मिळत नाही. त्यानंतर सेविसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर आणि व्हिसाची फी वेगळी.

आणि इथला एसएसपीचा (कर्नाटक सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) अर्ज सोडू नका. ख्रिश्चन म्हणून अल्पसंख्याक खात्याकडून तो भरता येतो. नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढा, त्यावरचा आरडी नंबर पोर्टलवर टाकावा लागतो. मुलीच्या स्वतःच्या नावचं खातं आधारशी जोडलेलं हवं, तेही एनपीसीआयच्या (आधारवरून पैसे खात्यात पोचवणारी संस्था) यादीत. बँकेत "आधार दिलंय" म्हणून चालत नाही, "एनपीसीआय सीडिंग झालंय का" असं विचारा. अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बहुतेक इथंच.

नंदगडकर
उद्याच प्राचार्यांकडं अर्ज घेऊन जातो. सेबाला जागा आहे का ते बघून इथं कळवतो.